देवाच्या कामाचे अ‍ॅप परवान्यावर अडकते तेव्हा

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर धर्मग्रामांसाठी आणि मंडळ्यांसाठी जी छोटी अ‍ॅप तयार होतात, त्यांतील बरीचशी शेवटच्या टप्प्यावर अडकल्यावर माझ्याकडे येतात. कुठे रोजच्या वाचनांचे अ‍ॅप असते, कुठे गायनमंडळासाठी पडद्यावर गीते दाखवण्याची सोय, तर कुठे बाप्तिस्म्याचा दाखला छापून देणारा लहानसा प्रोग्राम. करणारी मुले हुशार असतात, काम रात्री जागून केलेले असते, आणि सणाच्या मिस्सेनंतर मंडपात दाखवले की टाळ्याही पडतात. बिघाड मात्र दर वेळी एकाच जागी सापडतो: दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी (आपल्या प्रोग्राममध्ये जोडायचा तयार कोड), दुसऱ्याने केलेले भाषांतर किंवा दुसऱ्याने घडवलेला फॉन्ट आपण कोणत्या अटींवर घेतला, हे कोणीही पाहिलेले नसते. विचारले की उत्तरही ठरलेले असते, "देवाच्या कामासाठीच आहे, कोण काय म्हणणार?" हे उत्तर ऐकून कोणताही परवाना आपल्या अटी मागे घेत नाही, म्हणून तपासणीचा माझा नेहमीचा क्रम इथे मांडतो. आधी फुकटच्या आणि पाच मिनिटांच्या गोष्टी येतील, नंतर वेळखाऊ, आणि शेवटी ज्यात आपण हात घालू नये अशा.

लक्षणे

पुढीलपैकी एखादे लक्षण दिसले तरी तपासणी पहिल्यापासून करावी. अ‍ॅप स्टोअरवरून ते तक्रारीच्या कारणाने खाली उतरवले जाते. अनोळखी माणसाचे पत्र येते की तुमच्या अ‍ॅपचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर) कुठे मिळेल. भाषांतराचे हक्क सांभाळणारी संस्था लेखी परवानगी दाखवा म्हणते. डिपेंडन्सींची, म्हणजे प्रोग्राम ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या लायब्ऱ्यांची, यादी काढली की काही ओळींपुढे परवान्याच्या जागी "अज्ञात" असे येते. शेजारच्या धर्मग्रामाला तेच अ‍ॅप हवे असते, पण देता येईल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. आणि एक लक्षण परवान्याचे न दिसणारे, तरी त्याच दुर्लक्षातून येणारे आहे: वाचनांच्या यादीत तोबीतचा ग्रंथ रिकामा दिसतो. त्याकडे पुढे येईन.

पहिली तपासणी: परवान्याची फाइल आहे का? (पाच मिनिटे)

लायब्ररीच्या मुख्य फोल्डरमध्ये परवान्याची फाइल उघडून पाहावी. ती नसेल, तर ती लायब्ररी मोकळी नसून पूर्ण बंद आहे असे समजावे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोड सर्वांना दिसतो म्हणून तो सर्वांचा आहे, हा समज मी सर्वांत जास्त वेळा दूर केला असेल. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीच्या व्याख्येत येतो, आणि साहित्यकृतीवरचा हक्क लिहिताक्षणीच लेखकाकडे असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. तेव्हा परवाना दिलेला नाही याचा अर्थ परवानगी दिलेली नाही, एवढाच होतो. अशा वेळी लेखकाला दोन ओळींचे नम्र पत्र लिहून परवान्याची फाइल घालण्याची विनंती करावी. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक जण आनंदाने घालतात, कारण ते विसरलेले असतात. महिनाभर उत्तर आले नाही तर दुसरी लायब्ररी शोधावी.

फाइल असेल तर तिच्यातील नाव आणि पॅकेजच्या माहितीत लिहिलेले नाव एकच आहे का, तेही पाहावे. एकीकडे एमआयटी (सैल अटींचा परवाना) आणि दुसरीकडे जीपीएल (कोड खुला ठेवायला लावणारा परवाना) अशी विसंगती दुर्मीळ नाही. अशा वेळी सोयीचे ते खरे, असे धरून चालता येत नाही.

दुसरी तपासणी: पाहुण्यांच्या मागून कोण आले? (अर्धा तास)

आपण सहा लायब्ऱ्या घेतल्या असे मुले सांगतात आणि यादी काढल्यावर दोनशे निघतात. प्रत्येक लायब्ररी स्वतःबरोबर आणखी काही घेऊन येते. यादी काढण्याची साधने फुकट आहेत; एनपीएम, पायथन, ग्रेडल यांपैकी ज्या व्यवस्थेतून लायब्ऱ्या आणत असाल तिच्यासाठी परवान्यांसह यादी देणारे साधन मिळते. या यादीतील एमआयटी, बीएसडी, आयएससी आणि अपाची या सैल अटींच्या परवान्यांच्या ओळी तूर्त बाजूला काढाव्यात. उरलेल्या ओळी कागदावर उतरवाव्यात, कारण पुढची सगळी तपासणी त्या कागदावरच चालते. माझ्याकडे आलेल्या कामांत हा कागद सहसा अर्ध्या पानाच्या पुढे गेलेला नाही, त्यामुळे यादीचा आकार पाहून कोणी घाबरू नये.

याच वेळी प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती गोठवून ठेवावी आणि तिची प्रत आपल्याकडे जपावी. २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएमवरची अकरा ओळींची लेफ्टपॅड ही लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली आणि जगभर मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी (कोडपासून प्रोग्राम तयार होणे) थांबली होती. आपल्याकडे जुलैत दोन दिवस नेटवर्क नसताना बांधणी करायची वेळ आली, तरी तीच प्रत उपयोगी पडते.

तिसरी तपासणी: कोड राहू द्या, मजकूर कोणाचा? (एक दिवस)

ख्रिस्ती प्रकल्पांत खरी ठेच इथे लागते. इतर क्षेत्रांत लोक लायब्ररीच्या परवान्याची चिंता करतात. आपल्याकडे लायब्ररी मोकळी असते आणि तिच्यातून दाखवलेले पवित्र शास्त्र बंद असते. कोडचा परवाना आणि मजकुराचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्यामुळे दुसरा मिळत नाही.

क्रॉसवायर बायबल सोसायटीचा स्वॉर्ड हा बायबल वाचण्याच्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प याचे नेमके उदाहरण आहे. त्याचे इंजिन जीपीएलखाली आहे, पण ज्या मॉड्यूलमधून भाषांतरे मिळतात त्या प्रत्येक मॉड्यूलला स्वतःची माहितीची फाइल असते आणि तिच्यात वितरणाच्या परवान्याची वेगळी ओळ असते. काहींवर सार्वजनिक मालकी असे लिहिलेले असते, तर काहींवर हक्क राखीव असून वितरणाची परवानगी क्रॉसवायरला दिली आहे असे. ही दुसरी परवानगी क्रॉसवायरला आहे, तुम्हाला नाही. मॉड्यूल उतरवून आपल्या अ‍ॅपमध्ये बसवले की आपण स्वतः वितरक होतो आणि ती ओळ आपल्याला लागू पडत नाही. वसई तालुक्यातील एका गटाने इंजिनाचा परवाना शब्द न् शब्द वाचला होता, मॉड्यूलची फाइल मात्र उघडलीच नव्हती. त्यांचे चार महिन्यांचे काम त्या एका ओळीपाशी थांबले.

मराठी मजकुराबाबत स्थिती अशी आहे. बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या भाषांतरांवर हक्क राखीव आहेत आणि अ‍ॅपसाठी लेखी परवानगी घ्यावी लागते. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन म्हणून ओळखला जाणारा मराठी मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश व समान-वाटप ४.० या परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याच्या अटी सोप्या आहेत: श्रेय द्यावे, परवान्याचा दुवा द्यावा, बदल केले असतील तर तसे सांगावे, बदललेला मजकूर त्याच परवान्याखाली द्यावा आणि वाचकाला कॉपी करता येऊ नये म्हणून फाइलला तांत्रिक कुलूप लावू नये. मजकूर जसाच्या तसा अ‍ॅपबरोबर ठेवल्याने आपल्या कोडवर हा परवाना पसरत नाही. जुन्यांपैकी पंडिता रमाबाईंचे भाषांतर कोणत्याही मोजणीने मोकळे आहे, कारण त्यांचे निधन १९२२ साली झाले, ग्रंथ त्यानंतर १९२४ साली छापला गेला आणि भारतात हक्काची मुदत साठ वर्षांची आहे. फक्त त्याची आज कोणी नव्याने प्रस्तावना-टिपांसह आवृत्ती केली असेल, तर ती प्रस्तावना आणि त्या टिपा त्या संपादकाच्या असतात. त्या वगळून मूळ मजकूर घ्यावा.

गीतांचेही तसेच. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावात जन्मलेले नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांचे शब्द मोकळे आहेत. पण त्याच शब्दांना पुढे कोणी चाल लावली असेल तर चाल वेगळी, स्वरलिपी वेगळी आणि ध्वनिमुद्रण वेगळे, आणि प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो. अ‍ॅपमध्ये नुसते शब्द दाखवायचे असतील तर प्रश्न नाही; बटण दाबले की गाणे वाजते असे केले की तीन पत्रे लिहावी लागतात.

इथे एक युक्तिवाद हटकून येतो, आणि तो अर्धा खरा असल्यामुळे जास्त घातक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रामाणिक धार्मिक समारंभात साहित्य, नाट्य किंवा संगीतकृती सादर करण्याला सूट आहे. म्हणून मिस्सेत गाणे गायले तर उल्लंघन होत नाही, हे बरोबर. पण ती सूट सादरीकरणाला आहे. गीतांचा संग्रह फाइलमध्ये साठवून शंभर फोनवर पाठवणे हे सादरीकरण नव्हे, ती प्रत काढणे आहे. हे कलम दाखवून मला निरुत्तर करणारे गायनमंडळाचे प्रमुख मी अनेकदा पाहिले आहेत, आणि त्यांना कलमाची तीच ओळ पुन्हा वाचायला लावणे एवढाच माझा उपाय असतो.

फॉन्टकडे थोडक्यात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखे फॉन्ट एसआयएलच्या ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत; ते अ‍ॅपमध्ये घालता येतात, परवान्याची प्रत सोबत ठेवावी लागते आणि नुसता फॉन्ट विकता येत नाही. धर्मग्रामाच्या कचेरीत मासिक पत्रकासाठी पूर्वी विकत घेतलेला युनिकोडपूर्व (युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धती येण्याआधीचा) फॉन्ट मात्र बहुधा त्या एका संगणकापुरता असतो. तो अ‍ॅपमध्ये घालू नये, आणि त्यात टाइप केलेला मजकूर तसाही युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो.

चौथी तपासणी: श्रेयाचे पान (एक तास)

एमआयटी आणि बीएसडी या मोकळ्या परवान्यांतही एक अट असते: हक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीबरोबर राहिला पाहिजे. अ‍ॅपमध्ये "माहिती" या पानाखाली सर्व लायब्ऱ्यांच्या सूचना एकत्र दाखवाव्यात. हे पान तयार करून देणारी साधने आहेत. बहुतेक तक्रारी या पानाच्या अभावी होतात आणि या पानाने मिटतात.

पाचवी तपासणी: लायब्ररीला आपला ग्रंथ कळतो का? (अर्धा दिवस)

ही परवान्याची तपासणी नव्हे, पण ती इथेच करावी, कारण पुढच्या टप्प्यांवर एखादी लायब्ररी वाचवण्यासाठी बरीच मेहनत पडते आणि ती मेहनत करण्याजोगी आहे का ते आधी ठरलेले बरे.

संदर्भ ओळखणाऱ्या पुष्कळ लायब्ऱ्या सहासष्ट ग्रंथांचे बायबल गृहीत धरून लिहिलेल्या आहेत. वसईतील किंवा सिंधुदुर्गातील कॅथलिक धर्मग्रामाचे बायबल त्र्याहत्तर ग्रंथांचे असते. तोबीत, यहुदीथ, मक्काबींचे दोन ग्रंथ त्यांना माहीतच नसतात, आणि दानिएलचे तेरावे व चौदावे अध्याय त्यांच्या लेखी अस्तित्वात नसतात. चूक अशी की त्या कोणताही इशारा न देता रिकामी ओळ परत करतात, त्यामुळे विवाहाच्या मिस्सेसाठी तोबीतमधले वाचन निवडलेले असते त्या दिवशीच ती कळते. स्तोत्रांच्या क्रमांकाचाही घोळ आहे: मेंढपाळाचे स्तोत्र हिब्रू क्रमाने तेविसावे, तर जुन्या लॅटिन क्रमाने बाविसावे. काही बायबलांत योएलचे तीन अध्याय असतात तर काहींत चार. लायब्ररीत क्रमांकपद्धती निवडण्याची सोय आहे का, हे पाहण्यासाठी एवढी चार वाचने मागून पाहिली तरी पुरते.

भाषेच्या संकेताचीही अशीच एक चाचणी आहे. मराठीला दोन अक्षरी संकेत आहे, एमआर. कोकणीला तो नाही, तिचा संकेत तीन अक्षरी केओके असा आहे, आणि रेवदंड्याजवळच्या कोर्लईत बोलल्या जाणाऱ्या पोर्तुगीज क्रियोलचा व्हीकेपी. सावंतवाडीकडच्या एका गटाला मराठी आणि कोकणी दोन्ही प्रार्थना हव्या होत्या आणि त्यांनी निवडलेली लायब्ररी दोनच अक्षरे साठवत होती. शोधाची सोय एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस-५ या शोधयंत्रणेवर बांधली असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी: त्याचा नेहमीचा शब्दविभाजक काना-मात्रांच्या चिन्हांना अक्षर मानत नाही आणि शब्द तिथेच तोडतो. चिन्हांचे वर्ग सेटिंगमध्ये जोडले की शोध सुधारतो; लायब्ररी बदलावी लागत नाही.

उपासना-वर्षाचे कॅलेंडर काढणाऱ्या लायब्ऱ्यांत रोमकॅल ही एमआयटी परवान्याखाली आहे. पास्काची (ईस्टरची) तारीख कोणतीही चांगली लायब्ररी बरोबर काढते. स्थानिक सण जोडता येतात का, हा खरा प्रश्न. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झाले आणि १८६२ साली संत ठरले. सार्वत्रिक कॅलेंडरात ६ फेब्रुवारीला पॉल मिकी आणि त्यांचे सोबती एवढेच नाव येते, गोन्सालो त्या सोबत्यांत असतात. आपल्याकडे हे नाव पुढे यायला हवे, आणि ते लायब्ररीच्या आत हात न घालता घालता आले पाहिजे. नाहीतर पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तीच डागडुजी पुन्हा करावी लागते.

सहावी तपासणी: जीपीएलचे कुटुंब (दोन ते तीन दिवस)

दुसऱ्या तपासणीतील अर्ध्या पानाचा कागद आता पुढे घ्यावा. जीपीएलचे नाव दिसताच घाबरून ती लायब्ररी काढून टाकणारे आणि ते नाव वाचूनही पुढे जाणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक मला भेटतात. पहिला प्रश्न असा विचारावा की हा प्रोग्राम कोणाच्या हातात जाणार आहे. धर्मग्रामाच्या कचेरीतील एका संगणकावर तो चालणार असेल आणि बाहेर जाणारच नसेल, तर साध्या जीपीएलचे सोर्स कोड देण्याचे बंधन उद्भवतच नाही, कारण ते वितरणाला जोडलेले आहे. अ‍ॅप लोकांच्या फोनवर गेले की वितरण झाले. मग त्या लायब्ररीला जोडलेला आपला संपूर्ण कोडही जीपीएलखाली खुला ठेवावा लागतो. मला विचाराल तर धर्मग्रामाच्या अ‍ॅपला यात गमावण्यासारखे काही नसते, आणि कोड खुला ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय असतो. अँड बायबल, झायफॉस आणि ओपनएलपी ही बायबल वाचण्याची आणि गीते पडद्यावर दाखवण्याची सॉफ्टवेअर जीपीएलखालीच आहेत आणि व्यवस्थित चालतात.

एजीपीएल मात्र वेगळा आहे. त्यात बदललेला प्रोग्राम सर्व्हरवर ठेवून लोकांना वापरू दिला तरी सोर्स कोड देण्याचे बंधन लागू होते. दाखले पीडीएफ स्वरूपात छापणारे प्रोग्राम इथे हमखास अडकतात, कारण जावातील आयटेक्स्ट ही लायब्ररी पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएलखाली किंवा विकतच्या परवान्याखाली मिळते, आणि जुन्या लेखांत ती मोकळी असल्याचे वाचून मुले नवी आवृत्ती उतरवतात. जुन्या मोकळ्या आवृत्तीतून पुढे वाढवलेली ओपनपीडीएफ ही लायब्ररी एलजीपीएल आणि एमपीएल या जीपीएलहून सौम्य परवान्यांखाली आहे; दाखल्याच्या कामाला ती पुरते.

आता या साऱ्या प्रकरणातील सर्वांत चिवट गाठ. स्वॉर्डचे सी प्लस प्लस इंजिन जीपीएलच्या फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. "किंवा त्यानंतरची कोणतीही" हे शब्द त्यात नाहीत. अँड्रॉइडवरच्या अँड्रॉइडएक्स लायब्ऱ्या आणि कॉटलिनची मूळ लायब्ररी अपाची २.० खाली आहेत. अपाची २.० मधील पेटंटविषयक अटींमुळे तो परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, दुसरीशी जुळत नाही, असे जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे स्पष्ट मत आहे. म्हणजे दोन्ही परवाने मोकळे, दोन्ही सज्जन, आणि तरी एका अ‍ॅपमध्ये एकत्र नांदू न शकणारे. ज्यांनी प्रत्येक परवाना स्वतंत्रपणे वाचला त्यांनाही हा बिघाड दिसत नाही. तो जोडी लावल्यावरच दिसतो. यावर मी आलटून पालटून दोन उपाय केले आहेत. एक, जावातील जेस्वॉर्ड ही एलजीपीएलखालची लायब्ररी घेणे. अँड बायबलही तीच वापरते. दोन, आणि छोट्या अ‍ॅपसाठी मला हाच अधिक पसंत आहे, इंजिनच वगळणे. एकच भाषांतर दाखवायचे असेल तर एसक्यूलाइटमध्ये ग्रंथ, अध्याय, वचन आणि मजकूर अशा चार रकान्यांचा एक तक्ता पुरतो. पस्तीस भाषांतरे आणि शब्दकोश पेलणारे इंजिन एका धर्मग्रामाच्या रोजच्या वाचनांसाठी आणणे म्हणजे होडीला जहाजाचे इंजिन बसवणे.

आयफोनसाठी अ‍ॅप करायचे असेल तर जीपीएलची अडचण आणखी एका बाजूने येते. स्टोअरच्या अटी वापरकर्त्यावर जी बंधने घालतात ती जीपीएलला मान्य नाहीत. याच कारणाने व्हीएलसी हा प्रसिद्ध प्लेअर २०११ च्या जानेवारीत अ‍ॅपलच्या स्टोअरवरून उतरला आणि परवाने बदलून घेतल्यावर २०१३ साली परत आला.

सातवी तपासणी: चांगुलपणाच्या अटी

हा प्रकार आपल्या क्षेत्रात विशेष भुरळ घालतो. जेसन या माहिती साठवण्याच्या स्वरूपाच्या मूळ लायब्ररीच्या परवान्यात डग्लस क्रॉकफर्ड यांनी एक वाक्य घातले होते की हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे. वाचून कोणत्याही ख्रिस्ती माणसाला बरे वाटेल. पण चांगले कशाला म्हणायचे हे ठरवणार कोण, हा प्रश्न उरतो, आणि म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्या परवान्याला मुक्त मानले नाही आणि अपाची फाउंडेशननेही २०१६ साली तो आपल्या प्रकल्पांसाठी वर्ज्य ठरवला. जुन्या डिपेंडन्सीत तो आजही सापडतो. सापडला तर ती बदलावी. याउलट एसक्यूलाइटच्या कोडच्या फायलींत परवान्याच्या जागी एक आशीर्वाद आहे, की तुम्ही चांगले करावे, तुम्हाला क्षमा मिळावी आणि तुम्ही इतरांना क्षमा करावी. तो आशीर्वाद अट नाही, कोड सार्वजनिक मालकीचा आहे, त्यामुळे तिथे अडचण येत नाही.

आपणही आपल्या कोडवर "केवळ उपासनेसाठी" किंवा "केवळ ख्रिस्ती संस्थांसाठी" अशी ओळ घालू नये. ओपन सोर्सच्या व्याख्येतील पाचवा आणि सहावा मुद्दा व्यक्तिगट आणि कार्यक्षेत्र यांवरून भेद करण्याला मनाई करतो. अशी ओळ घातली की कोड ओपन सोर्स राहत नाही आणि जीपीएलच्या लायब्ररीबरोबर जोडताही येत नाही. "व्यापारी वापर नाही" असे शब्द असलेल्या मजकुराबाबतही सावध राहावे. सणाच्या स्मरणिकेत जाहिराती असतात आणि तिच्यात तो मजकूर छापला की तो वापर व्यापारी ठरतो का, याचे उत्तर मालकाकडूनच लेखी घ्यावे.

आठवी तपासणी: आपला स्वतःचा कोड कोणाचा?

ही सर्वांत अवघड, कारण इथे माणसे शोधावी लागतात. परवाना बदलायचा असेल तर ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला त्या प्रत्येकाची संमती लागते. आपली मुले तोवर मुंबईला, आखातात किंवा बोटीवर गेलेली असतात. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सहसा मालक-संस्था असते, पण स्वयंसेवक हा नोकर नव्हे. त्याने लिहिलेला कोड धर्मग्रामाचा होत नाही, त्याचाच राहतो. हक्क धर्मग्रामाला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावा, कारण कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कोकणातील कित्येक कुटुंबांचे नातेवाईक परदेशात अ‍ॅप वापरतात, तेव्हा दुसरी गोष्टही किरकोळ नाही. मुलगा गावात असतानाच, पहिल्या आठवड्यात, ही सही घ्यावी.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पहिल्या पाच तपासण्या कोणीही करू शकतो. सहावीत जोडी जुळते की नाही याबद्दल दोन जाणकारांची दोन मते पडली, तर तर्क लढवू नये, लायब्ररी बदलावी. ते वकिलापेक्षा स्वस्त पडते. पण पुढील प्रसंगी हात आवरते घ्यावेत: हक्कधारकाची लेखी नोटीस आली असेल, अ‍ॅपमधून पैसे किंवा देणग्या गोळा होत असतील आणि मजकुराची परवानगी नसेल, कोडचे हक्क कोणाकडे आहेत यावर गटातच वाद असेल, किंवा धर्मग्रामाचा ट्रस्ट एखाद्या बाहेरच्या कंपनीबरोबर करार करणार असेल. कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे, आणि नोटीस आल्यानंतर चालू ठेवलेला वापर अजाणता होता असे म्हणता येत नाही. बोलावताना बौद्धिक संपदेचे काम करणारा वकील बोलवावा. आपल्याकडे प्रत्येक गावाला सातबाऱ्याचा आणि कुळकायद्याचा जाणता वकील मिळतो, तो भला माणूसही असतो, पण हे काम त्याचे नव्हे.

वकिलाकडे जाताना दुसऱ्या तपासणीतील कागद, मजकुराच्या परवानग्यांची पत्रे, कोणी कोणता भाग लिहिला याचा इतिहास आणि आलेली नोटीस पाकिटासह न्यावी. अ‍ॅप स्टोअरवरून तूर्त मागे घ्यावे, पण कोडच्या साठ्यातील काहीही पुसू नये. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत उल्लंघन होताच परवाना आपोआप संपतो, म्हणून तिथे चूक सुधारून हक्कधारकाला स्वतःहून पत्र लिहावे लागते. तिसऱ्या आवृत्तीत आणि एजीपीएलमध्ये, त्या हक्कधारकाकडून आलेली ती पहिलीच नोटीस असेल, तर ती मिळाल्यापासून तीस दिवसांत चूक सुधारल्यास परवाना कायमचा पूर्ववत होतो. म्हणून नोटीस हातात पडल्याची तारीख त्याच दिवशी पाकिटावर लिहून ठेवावी. ती ई-मेलने आली असेल तर तो ई-मेल छापून त्यावर लिहावी.